माशांचं सोवळं

निवृत्त माणसाच्या हाती मोकळा वेळ, फंडाचे पैसे आणि ड्रिल मशीन या तीन गोष्टी एकाच महिन्यात पडू नयेत. आमच्या दाजींच्या हाती त्या पडल्या.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. तिथे पाणी टीएमसीत मोजतात, आणि एक टीएमसी म्हणजे जवळजवळ 2,832 कोटी लिटर. उभी हयात या मापात काढलेल्या माणसाला घरी बसल्यावर ‘अहो, टाकी भरली, मोटर बंद करा’ एवढंच काम उरलं, तर तो काय करणार? दाजींनी धायरीच्या बंगल्यामागे, ताईचा अळवाचा वाफा होता तिथे, हौद बांधायला काढला. लांबी 10 फूट, रुंदी 6, खोली 3. पाणी मावतं 5,100 लिटरच्या आसपास. दाजी त्याला ‘प्रकल्प’ म्हणतात, ताई ‘डबकं’ म्हणते. बुडीत क्षेत्रातल्या अळवाचं दोन कुंड्यांमध्ये पुनर्वसन झालं. मोबदल्याचा प्रश्न अजून प्रलंबित आहे.

नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि मासे मरतात, म्हणून आधी हौदात केळीचे खुंट टाकून कुजवत ठेवायचे, असा एक जुना उपाय आहे. दाजींनी तो मनापासून केला. त्या काळात आम्ही ताईकडे जाणं टाळलं. शेजाऱ्यांना ती सोय नव्हती.

मग कोई मासे आले. पांढऱ्या अंगावर केशरी ठिपके, कुणी नुसताच सोनेरी, कुणी काळालाल. कोई हा मूळचा साधा कार्प. जपानच्या निगाता भागातले डोंगरी शेतकरी हिवाळ्यात खायला म्हणून भातखाचरांच्या तळ्यांत तो पाळायचे. त्यात मधूनच एखादा रंगीत निघायचा, तो कापायचा जीव होईना. असं करत करत 1914 साली हे रंगीत मासे टोकियोच्या प्रदर्शनात पोचले आणि त्यांचं नशीब फळफळलं. 2018 साली हिरोशिमाच्या लिलावात एक मासा 20 कोटी 30 लाख येनना गेला. हे दाजी प्रत्येक पाहुण्याला सांगतात, आणि सांगताना आपल्या हौदाकडे अशा नजरेने बघतात की पाहुणा दोन पावलं मागे सरकून उभा राहतो.

माझी बायको मालवणची. तिने हौदात वाकून पाहिलं आणि विचारलं, “काटे किती असतात ह्यात?”

“वहिनी, हे खायचे नाहीत,” दाजी दुखावले.

“मेल्या गोड्या पाण्यातलो मासो, तेका चव तरी काय असतली?” ती माझ्याकडे वळून म्हणाली, आणि 20 कोटी येनांचा विषय तिच्यापुरता मिटला.

इथवर सगळं ठीक होतं. घात केला तो टीडीएस मीटरने. पेनासारखी एक वस्तू, टोपण काढायचं, पाण्यात बुडवायची, आकडा बघायचा. पाण्यात विरघळलेले क्षार किती ते लिटरला मिलिग्रॅममध्ये कळतं. दाजींनी तो बोअरच्या पाण्यात बुडवला आणि आकडा आला 870. त्या क्षणापासून दाजी माणसात राहिले नाहीत. मीटर सदऱ्याच्या खिशाला लागला तो लागलाच. लग्नाला गेले तर पंगतीतल्या जगात बुडव, हॉटेलात गेले तर वेटरने ठेवलेल्या पेल्यात बुडव. आकडा वाचून ते जो ‘हं’ काढतात, त्याने समोरच्याची तहान मरते.

आता या मीटरची एक गंमत आहे. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढंच बघतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधतो. मिठाचं पाणी वीज वाहून नेतं, साखरेचं नेत नाही. त्यामुळे दाजींनी एका रविवारी ताईच्या स्वयंपाकाची तपासणी केली तेव्हा आमटीत बुडवलेल्या मीटरने थेट ‘एरर’ दाखवलं आणि गुलाबजामच्या पाकाला 40 गुण देऊन उत्तीर्ण केलं. दाजींना मधुमेह आहे. “बघ, शुद्ध!” म्हणून ते पाकाकडे वळले तेव्हा ताईने मीटर हिसकावून घेतला, तो धुऊन वाळत ठेवला आणि पाकाच्या भांड्यावर झाकण ठेवून त्यावर स्वतः हात ठेवून बसली.

तर पाणी 870. मासे त्यात छान होते, खात होते, वाढत होते, पण त्यांच्या मताला विचारतो कोण? दाजींनी ठरवलं, माशांना आरओचं पाणी. विकतचं यंत्र घ्यायचं नाही. ज्या माणसाने कालव्याचे दरवाजे बसवले तो नळीचे चार तुकडे जोडू शकत नाही?

पुण्यात अशा माणसांसाठी देवाने सोय करून ठेवली आहे. बोहरी आळीत पान्यापासून पाइपापर्यंत सगळं मिळतं, तपकीर गल्लीत विजेचं, आणि कुठेच मिळत नाही ते बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात. दाजी यादी घेऊन निघायचे आणि यादीत नसलेल्या वस्तू घेऊन यायचे. 24 व्होल्टचा बूस्टर पंप आला, त्याचा अडॅप्टर आला, 5 मायक्रॉनचा पांढरा स्पन फिल्टर, कार्बनची नळकांडी, पाव इंची नळीचं भेंडोळं, टेफ्लॉन टेपच्या इतक्या गुंडाळ्या की त्यांत एखादी ममी बांधून झाली असती. फक्त मेंब्रेनचं हाउसिंग कुठे दिसेना. ते कुठून आलं हे दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने स्वयंपाकघरातला नळ उघडला तेव्हा कळलं. घरच्या आरओच्या पोटातून ते रातोरात काढलं गेलं होतं. “तुम्ही आम्हाला बोअरचं पाजणार आणि माशांना आरओचं?” ताईने विचारलं. दाजी म्हणाले, “तात्पुरतं.” खात्यात हा शब्द फार मोठ्या मुदतीचा असतो.

जोडणी मी डोळ्यांनी पाहिली. प्लायवूडच्या फळीवर सगळं क्लिपांनी ठोकलेलं. नळीचं टोक ब्लेडने सरळ कापायचं, कोपऱ्यात दाबून बसवायचं, वर बारीक निळी क्लिप सरकवायची. टोक जरा तिरकं कापलं गेलं की तिथून पाण्याची केसाएवढी चिळकांडी उडते, आणि ती बरोबर चष्म्यावरच उडते. दाजींनी चष्मा पुसला, नळी पुन्हा कापली, पुन्हा चिळकांडी. असं करता करता दीड फुटाची नळी वीतभर झाली आणि फळीवरचा पंप सरकवावा लागला. शेवटी बटण दाबलं. पंप घुरघुरला. कार्बनमधून पहिलं पाणी आलं ते डांबरासारखं काळं. नव्या कार्बनची भुकटी वाहून जाईपर्यंत ते काळंच येतं, पण ताईला हे आधी सांगायला हवं होतं.

मग पाणी निवळलं आणि सगळंच्या सगळं सांडपाण्याच्या नळीतून धो धो बाहेर पडू लागलं. शुद्ध पाण्याच्या नळीतून एक थेंब नाही. कारण एफआर बसवायचा राहिला होता. एफआर म्हणजे बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची गुठळी, सांडपाण्याच्या वाटेत बसवायची. ती वाट अडवते म्हणून मेंब्रेनवर दाब येतो. दाब नसेल तर पाण्याला पडद्यातून घुसायची गरजच काय? समोर मोकळा रस्ता असताना ते निघून जातं. हे दाजींना पटायला वेळ लागला नाही, नोकरीत त्यांनी फायलींचा प्रवास पाहिला होता.

या सगळ्यामागचं शास्त्र खरं तर सुरेख आहे. मधे एक पडदा, अलीकडे गोडं पाणी, पलीकडे खारट. पडद्यातून पाणी जातं, मीठ जात नाही. आपण काहीच केलं नाही तर गोडं पाणी खारटाकडे सरकत राहतं. पलीकडून जोर लावला तर हीच गंगा उलटी वाहते. पहिली गोष्ट नोले नावाच्या फ्रेंच पाद्र्याने 1748 साली पाहिली. दुसरी व्यवहारात उतरायला दोनशे वर्षं लागली. 1960 च्या आगेमागे कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि आपले श्रीनिवास सौरिराजन यांनी चालण्याजोगा पडदा बनवला आणि 1965 मध्ये कोअलिंगा नावाच्या गावाला त्याचं पाणी मिळू लागलं. सौरिराजन यांचं नाव घेताना दाजींची छाती दोन इंच फुगते, जणू ते धायरीचेच. मी त्यांना विचारलं, नोलेने पडदा कशाचा वापरला होता ठाऊक आहे का? डुकराच्या मूत्राशयाचा. दाजींनी आत, देवघराच्या दिशेला एकदा बघितलं आणि हे घरात बोलायचं नाही अशी मला तंबी दिली.

कारण तोवर ते यंत्र सोवळ्यात गेलं होतं. लहानपणी आमच्या आजीचं सोवळ्याचं पाणी असायचं, त्याला कुणी शिवायचं नाही, आणि शिवलं की सगळं ओतून नव्याने भरायचं. दाजींचं तसंच झालं. हौदात मुलांनी हात बुडवला की मीटर. झाडाचं पान पडलं की मीटर. पाहुण्याने कौतुकाने चिमूटभर मुरमुरे टाकले की पाहुण्याला आधी प्रवचन, मग मीटर.

आता हिशोब. मेंब्रेन 80 गॅलनचं, म्हणजे दिवसरात्र चाललं तर 300 लिटर. हौद 5,100 लिटरचा. म्हणजे 17 दिवस अखंड. आणि 1 लिटर शुद्ध पाण्यामागे 3 लिटर नालीत, म्हणजे 15,300 लिटर. एक हौद शुद्ध पाण्यासाठी बोअरचं 20,400 लिटर. उन्हाळ्यात आमच्याकडे लोक टँकरच्या मागे पळतात. तो 10,000 लिटरचा असतो. दाजींच्या माशांना अंघोळीसाठी असे दोन टँकर, वर थोडं. हे मी पाटीवर लिहून दाखवलं. दाजी म्हणाले, “गळती धरूनच प्रकल्प आखतात.”

खरा विनोद पुढेच आहे. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीत नाही. त्याला गरजच नसते. त्याच्या अंगातलं रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट, आणि कल्ले म्हणजे पातळ पडदे. पाणी आपणहून आत शिरत राहतं, आणि बिचारा मासा दिवसभर ते मूत्रावाटे बाहेर टाकत राहतो. वर कल्ल्यांमधून मीठ ओढून ओढून आत घेतो. म्हणजे दाजी फळीवर वीज जाळून जे करत होते, त्याच्याशी झुंजणं हा माशाचा जन्मभराचा उद्योग. बाहेरचं पाणी जितकं निर्मळ, तितकी त्याची मेहनत जास्त. हौदाचा टीडीएस 870 वरून उतरत गेला तसे मासे मंद झाले. कोपऱ्यात जाऊन उभे. दाजींना वाटलं, शुद्ध पाण्याने शांत झाले.

त्यात पाण्याचा पीएच घसरू लागला. माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून अमोनिया निघतो, आणि मासे मरतात ते त्याने. तो पचवतात जिवाणू. ते राहतात हौदातल्या स्पंजवर, त्या तपकिरी लिबलिबीत थरात. हे काम करताना ते पाण्यातला क्षारपणा खाऊन टाकतात. बोअरच्या पाण्यात तो भरपूर, आरओच्या पाण्यात औषधालाही नाही. त्यामुळे एके दिवशी पीएच धाडकन खाली. दाजींचा मीटर मात्र खूश. अमोनिया अशा किरकोळ प्रमाणात त्याला दिसत नाही. आणि दाजी निघाले होते तो ‘घाणेरडा’ स्पंज पांढरा शुभ्र धुवायला! हौदातला एकमेव खरा फिल्टर तो. मासे विकणाऱ्या पोऱ्याने वेळेवर हात धरला म्हणून बरं. वय वर्षं वीस असेल, शिक्षण बेताचं, पण हातात रोज मासे. तो म्हणाला, “काका, खायचा सोडा टाका, शिंपल्या टाका. आणि ते मशिन बंद करा आधी.”

मशीन बंद करण्याचा मुद्दा कार्यवृत्तातून वगळला गेला. बाकीचे मंजूर झाले. मग उलटी वरात सुरू झाली. आधी सगळे क्षार काढले होते, आता एकेक करून ते परत आणायचे. खायचा सोडा किराणावाल्याकडून. मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट औषधाच्या दुकानातून. शिंपल्या आमच्या घरून, कारण आमच्याकडे तिसऱ्यांचं कालवण होतंच. बायकोने त्या धुऊन जाळीच्या पिशवीत भरून दिल्या. वर म्हणाली, “दाजींना सांगा, समुद्राची चव लागेल जरा त्या माशांना.” दाजींनी चमचे मोजून सगळं पाण्यात टाकलं, ढवळलं, मीटर घातला. 240. वर आणखी जरा पाहिजे म्हणून आणखी सोडा.

“त्यापेक्षा थोडं बोअरचंच घाला ना,” ताई म्हणाली.

हे वाक्य तिने चहा गाळता गाळता, न वळता टाकलं. दाजी रात्रभर गणित करत बसले आणि सकाळी निष्कर्ष जाहीर झाला: 10 पैकी 7 भाग आरओचं आणि 3 भाग बोअरचं मिसळलं तर टीडीएस 290 च्या आसपास राहतो, क्षारपणाही टिकतो, पुड्या लागत नाहीत. याचं नाव ‘मिश्रण सूत्र’. त्यात ताईचा उल्लेख नाही.

दाजींची बाजू घ्यायची तर एक मुद्दा मात्र खरा आहे. उन्हाळ्यात हौदातून रोज तीसचाळीस लिटर पाणी वाफ होऊन जातं. वाफेबरोबर क्षार जात नाहीत. वरून 870 चं पाणी ओतत राहिलं तर हौद दर महिन्याला खारट होत जातो. तेव्हा रोजची ती भर आरओच्या पाण्याने घालणं हे शहाणपणाचं काम आहे आणि त्याला दिवसातून तीन तास यंत्र पुरतं. पण शहाणपणाचं काम तीन तासांत उरकलं तर उरलेल्या दिवसाचं दाजींनी काय करायचं?

आणि एकट्या दाजींना हसून उपयोग नाही. आपण घराघरांत हेच चालवलंय. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात 500 टीडीएस चालतो, दुसरी सोय नसेल तर 2,000 पर्यंतही. खडकवासल्याचं नळाला येणारं पाणी मुळात मऊ. त्यालाही आपण आरओ लावतो, त्यातले होते ते चार क्षार नालीत सोडतो आणि मग त्याच यंत्रात ‘मिनरल’ची जास्तीची नळी बसवून घेतो, वर तांब्याची. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 साली सांगितलं की 500 च्या आत टीडीएस असेल तिथे आरओ नकोच. ज्यांच्या स्वयंपाकघरात यंत्र होतं त्यांनी ही बातमी आरओचं पाणी पीत वाचली.

आणि हेच आपण पुणेकर इथलं सांडपाणी मुळा-मुठेला देतो. ती भीमेला जाऊन मिळते, भीमा उजनीत जाते, आणि सुट्टीच्या दिवशी आपण गाड्या काढून उजनीकाठच्या भिगवणला चिलापीची थाळी खायला जातो. गाडीत बाटली घरच्या आरओची. चिलापी कशी चविष्ट आणि धष्टपुष्ट असते! तिचा टीडीएस कुणी मोजल्याचं ऐकिवात नाही. बायको तिथेही नाक मुरडते, पण ते चवीपायी.

सांडपाण्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. यंत्राच्या रिजेक्टचं पाणी ताईने वाया जाऊ दिलं नाही. अंगण, गाडी, संडास धुऊन उरलेलं ती मोरीमागच्या जुन्या टपात सोडायची. टपात डास होऊ नयेत म्हणून कुणीतरी मूठभर गप्पी सोडले होते. गप्पीला जड पाणी मानवतं, हे पुस्तकातही आहे. टीडीएस हजाराच्या वर, छप्पर नाही, फिल्टर नाही, निगा नाही. गप्पी इतके वाढले की ताई आता कॉलनीत ज्याला पाहिजे त्याला डबा भरून देते. दाजी त्या टपाकडे बघत नाहीत.

गणपतीत मात्र पेच पडला. शाडूची मूर्ती, घरच्या घरी बादलीत विसर्जन. दाजींचा ऐसपैस हौद असताना बादली कशाला, असा प्रश्न नातवाने विचारला आणि दाजींचा चेहरा पांढरा पडला. हौदात शाडू? कल्ल्यांत जाईल! मग बादली. बादलीत पाणी कुठलं? दाजी सवयीने रिजेक्टची नळी घेऊन आले.

“बाप्पाला रिजेक्टचं?” ताई एवढंच बोलली. पण ज्या सुरात बोलली त्या सुरात तिने अळवाच्या वेळीही बोलायला हवं होतं, हौद झालाच नसता.

दाजींनी मुकाट्याने शुद्ध पाण्याची नळी बादलीत सोडली. त्या बारीक धारेने बादली भरायला तासाहून जास्त वेळ लागणार होता. आरत्या संपल्या, मंत्रपुष्पांजली झाली, पुन्हा एकदा ‘घालीन लोटांगण’ झालं, खिरापत वाटून संपली, तरी बादली पाऊणच. अखेर बाप्पा त्यात बसले. सकाळपर्यंत मूर्ती विरली आणि बादलीत मातकट, दाट चिखलाचं पाणी झालं. ताई ते उचलून अळवाच्या कुंड्यांना घालायला निघाली, तेवढ्यात दाजींचा हात खिशाकडे गेला. मीटर बुडाला. माती विरघळत नाही, नुसती तरंगते, म्हणून मीटरला ती दिसत नाही.

“एकशे दहा!” दाजी हर्षाने ओरडले. “अगं, पिण्यालायक आहे!”

ताईने बादली खाली ठेवली, देवघरातून पळी आणली, ती काठोकाठ भरली आणि दाजींसमोर धरली. “घ्या, तीर्थ.”